सकाळी दाजीपूरचं जंगल, दुपारी घाटाखालची मसाल्याची बाग: कोल्हापूरहून एका दिवसात कसं कराल?

कोल्हापूरकर कोकणात निघाला की गाडी घाट उतरून थेट समुद्रावर थांबते. मालवण, तारकर्ली, मासे, परत. मधला पट्टा, म्हणजे दाजीपूरचं निमसदाहरित जंगल आणि फोंडा घाटाखालच्या सुपारीच्या बागा, खिडकीतून मागे पडत राहतो. हा पट्टा मुक्काम न करता एका दिवसात छान होतो. फक्त क्रम बदलू नका: जंगल आधी, बाग नंतर. एक तर जनावरं सकाळीच दिसतात. आणि मसाल्याची बाग ही जंगलाचीच मांडणी असते, माणसाने आपल्या सोयीने लावलेली: उंच झाड, त्यावर चढलेला वेल, सावलीत वाढणारं लहान झाड, बुडाशी पालापाचोळा. सकाळी ती मांडणी मूळ रूपात पाहिली असेल, तर दुपारी बागवाल्याला विचारायला प्रश्न आपोआप सुचतात.

महिना ठरवा

दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. त्यामुळे दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ हातात राहतो. माझं मत विचाराल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. तेव्हा मिरी काढणीला आलेली असते, हळद निघत असते आणि घाटाखाली अजून अंगाची लाही होत नाही. एप्रिल-मेमध्ये गवे पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता जास्त आणि कोकमंही पिकलेली असतात, पण दुपारी बागेत घाम पुसण्यातच वेळ जाईल. जायफळाचा मुख्य बहर पावसाळ्यात येतो, तरी एखाद-दुसरं फळ झाडावर इतर वेळीही सापडतं.

आदल्या आठवड्यात दोन फोन

पहिला वन विभागाला. प्रवेश किती वाजता सुरू होतो, आत कोणती गाडी चालते, सोबत गाईड मिळेल का आणि पायी कुठवर जाऊ देतात, हे विचारून घ्या. दर आणि नियम बदलत असतात, जुन्या माहितीवर विसंबू नका.

दुसरा फोन बागेला. फोंडा, कणकवली आणि पुढे सावंतवाडीच्या बाजूला पैसे घेऊन बाग दाखवणारी मंडळी आहेत. पण एका दिवसात परतायचं असेल तर फोंडा-कणकवली परिसर सोडून पुढे जाऊ नका. बागवाल्याला एकच प्रश्न नेमका विचारा: ‘या महिन्यात झाडावर काय काय आहे?’ नीट उत्तर आलं तर ती खरी बाग. ‘या हो, सगळं आहे’ असं उत्तर आलं, तर बहुधा दहा कुंड्या आणि एक दुकान असतं. जेवण हवं असेल तर ते आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आयत्या वेळी बारा माणसं दारात उभी राहिली तर त्या घरातल्या काकू काय करणार?

पहाटे निघा

साडेचारला, फार तर पाचला घर सोडा. राधानगरी सुमारे ५५ आणि दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर. अंतर फार नाही, पण हळदी, परिते, भोगावती या रस्त्यावर गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर असतात. उजाडल्यावर त्यांच्या मागे अडकलात की सकाळ गेली. पेट्रोल राधानगरीतच भरून घ्या. पुढे मोबाईलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशाही आधीच डाउनलोड केलेला बरा.

राधानगरीला धरणापाशी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण. याचे सात स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेच्या पातळीबरोबर मोजत असतं.

एसटीने जाणार असाल तर गाडी राधानगरीवरून फोंड्याला उतरते का, हे विचारूनच बसा. कोकणच्या काही गाड्या गगनबावड्याहून करूळ घाटाने जातात. तरी खरं सांगायचं तर या सहलीला स्वतःची किंवा भाड्याची गाडीच लागते.

अंगात मातकट किंवा हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट असावेत. अत्तर नको. पिशवीत पाणी, दशम्या-खर्डा, एक कापडी पिशवी आणि दोन रिकामे स्टीलचे डबे ठेवा. डबे कशाला, ते पुढे येईल.

जंगलात

दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झालं. आज राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश आहे. पण फाटकातून आत गेल्यावर लगेच गवा दिसेल या हिशोबाने चालू नका. गवा दिसला तर दिसला. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसले की ओळख पटते. दिसल्यावर जागीच थांबा, हॉर्न नाही, टाळ्या नाहीत, सेल्फीसाठी चार पावलं पुढे तर अजिबात नाही. कळपापेक्षा एकटा नर जास्त बेभरवशाचा.

तोवर पाहण्यासारखं खूप आहे. मान वर करून फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे मोठे गोळे शोधा, ती शेकरूची घरटी. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो, त्यामुळे प्रत्येक घरट्यात तो असेलच असं नाही. खाली अर्धवट कुरतडलेली ताजी फळं पडलेली दिसली तर मात्र तिथेच गप्प उभे राहा. जांभूळ, हिरडा, अंजनी ही झाडं गाईड दाखवतीलच. तुम्ही खोडांकडे बघा. हिरवट-राखाडी, कडा मुरडलेले पापुद्रे खोडाला चिकटलेले असतात, ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. वर्षभरासाठी करून ठेवलेल्या चटणीत आपण टाकतो ते दगडफूलही असंच एक शैवाक आहे. ओढून काढू नका. ते फार सावकाश वाढतं, शिवाय अभयारण्यातून पानसुद्धा उचलायला बंदी आहे.

गाईडला रानमिरीचा वेल आणि रानटी दालचिनी दाखवायला सांगा. दिसलाच वेल तर तो कशावर चढलाय, त्याला ऊन किती मिळतंय, बुडाशी ओल आहे का, एवढं डोक्यात ठेवा. दुपारी उपयोगी पडेल.

अकराच्या सुमाराला बाहेर पडा.

घाट उतरताना

फोंडा घाट लहान गियरमध्ये, सावकाश उतरा. माकडांना खाऊ घालायला थांबू नका. पाऊणएक तासात हवा बदलते, लाल जांभा दिसायला लागतो आणि गाडीची काच खाली केली की दमटपणा जाणवतो. मिरी-जायफळ वर करवीरच्या काळ्या रानात न होता इथे का होतं, याचं निम्मं उत्तर या हवेतच आहे.

बागेत काय पाहायचं, काय विचारायचं

नारळ-सुपारीच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याच्या पद्धतीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘लाखी बाग’ या नावाने प्रोत्साहन दिलं. सुपारीच्या सरळसोट खोडावर मिरीचा वेल चढलेला दिसला की सकाळचा रानवेल आठवा. मिरीचा घोस हातात घेऊन बघा: बहुतेक मणी हिरवे आणि एक-दोन लालसर झाले असतील, तर तो काढायला आला. तोच हिरवा मणी उन्हात वाळला की काळी मिरी. पिकलेला मणी भिजवून साल काढली की पांढरी. झाड एकच. हिरवा मणी दाताखाली धरा, पण पाणी जवळ ठेवून.

जायफळाच्या झाडाखाली सगळ्यात जास्त वेळ द्या. पिवळसर फळ मधोमध आपोआप उकलतं आणि आत काळपट तपकिरी बी असते, तिच्याभोवती लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री, आणि बीच्या कवचाच्या आतलं ते जायफळ. जाळी अखंड सोडवायला नखं नाही, बोटांची टोकं वापरावी लागतात. बागवाले काका ती सहज सोडवतात, आपल्या हातात मात्र तुकडे येतात. यात नर झाड आणि मादी झाड वेगळं असतं. बी लावलं तर फळ धरणार की नाही हे कळायला पाच-सात वर्षं जातात, म्हणून आता कलमं लावतात. जायपत्रीसारखीच मसाल्यात पडणारी रामपत्री येते ती याच्या रानटी भावंडापासून.

दालचिनीचं पान चुरगळून वास घ्या. कोवळ्या फांदीची साल सुरीने सोलून दाखवायला सांगा, ती ओली असतानाच आत वळायला लागते. लवंग आणि वेलदोडा इथे थोडाच. कुणी भरपूर आहे म्हणाला तर झाड दाखवायला लावा.

जेवणात तांबडा-पांढरा मागू नका. भात, आमटी, काजूची उसळ, सोलकढी, मिळाली तर कोंबडी-वडे, आणि एक वाटी सोलकढी पुन्हा.

विकत घेताना

पातळ, अनेक पदर एकात एक गुंडाळलेली, बोटाने सहज मोडणारी असते ती खरी दालचिनी. जाड, एकपदरी, कडक साल म्हणजे बहुधा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्या नावाखाली विकली जाणारी तिच्या भावंड-झाडाची साल. मिरी मुठीत घेतली की जड लागली पाहिजे. पाण्यात टाकली तर पोकळ मणी तरंगतात. जायफळ कानाशी हलवून बघा. कवचासकट असेल आणि आत खुळखुळलं, तर ते नीट वाळलंय. आमसुलं ओलसर पण चिकचिकीत नसावीत. पूड कुठलीही घेऊ नका, अख्खा मसालाच घ्या. तेवढ्यासाठी ते डबे. जायपत्री प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजते आणि तिला बुरशी धरते.

परतीला

चारच्या आत बाग सोडा. अंधार पडायच्या आत घाट चढून दाजीपूर ओलांडलेलं बरं, कारण संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात आणि त्यांचा काळा रंग वळणावर हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसतो. चहा प्यायचाच असेल तर तो राधानगरीत.

घरी पोहोचल्यावर ताजी हिरवी मिरी आणली असेल तर ती त्याच रात्री घोसापासून मोकळी करा. दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून उपसा, म्हणजे रंग एकसारखा काळा येतो. मग गच्चीवर कापडावर पातळ पसरून कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा आणि संध्याकाळी रोज आत घ्या.