पाळी बदलली की जेवण कोलमडतं? या चुका टाळा

लोटे-परशुराम, खेर्डी किंवा मिरजोळे एमआयडीसीतली पाळी असो, एसटीची ड्युटी असो, नाहीतर एप्रिल-मेमधलं आंब्याच्या पेट्या भरायचं काम असो, खाण्याची आबाळ सगळीकडे सारखीच. कामाची वेळ ठरलेली असते आणि जेवण उरलेल्या वेळात उरकलं जातं. कोकणातलं घरचं खाणं मुळात चांगलं आहे. पेज, कुळीथ, नाचणी, मासे यांत शरीराला लागणारं बरंच काही मिळतं. बिघडतं ते कधी किती खायचं आणि डब्यात काय भरायचं यात.

पहाटे चहा-बिस्किटावर निघणं

सातची पाळी म्हणजे पाचला उठणं आणि सहाची गाडी. रात्री नऊला जेवलेल्या माणसाचं पोट तोवर आठ तास रिकामं असतं. चहा आणि चार बिस्किटं रक्तातली साखर पटकन वर नेतात, ती तितक्याच लवकर उतरते. नऊच्या सुमाराला हातपाय गळतात आणि मग कँटीनचे दोन बटाटेवडे जातात.

पेज पिऊन निघणाऱ्यांचीही एक तक्रार असते: दोन तासांत परत भूक. मूठभर उकड्या तांदळाच्या पेजेत मोठा भाग पाण्याचा असतो, आणि जोडीला नुसतं लोणचं असेल तर प्रथिनं जवळपास नाहीतच. पेज सोडू नका, तिला जोड द्या. वाटीभर चवळीची किंवा कुळथाची उसळ, एखादं उकडलेलं अंडं किंवा भाजलेली सुकट पुरते. तांदूळ रात्रीच भिजत घाला, सकाळी वाटीला सात वाट्या पाणी आणि चार-पाच शिट्या. कुकर मात्र अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, पेज शिटीतून उतू येते.

पेजेलाही वेळ नसेल तर घावणे करा. वाटीभर तांदळाच्या पिठाला दीड-दोन वाट्या पाणी आणि मीठ लागतं, पीठ आंबवावं लागत नाही. पहाटे घास उतरतच नसेल तर दोन घावणे आणि अंडं सोबत न्या आणि साडेआठला खा.

दुसरी पाळी सुटल्यावर भरपेट भात

अकराला सुटून पावणेबाराला घरी, बाराला भात-आमटी-तळलेला मासा आणि साडेबाराला अंथरूण. छातीत जळजळ, आंबट ढेकर, सकाळी जड डोकं ही या क्रमाची फळं आहेत. आडवं झाल्यावर भरलेल्या पोटातलं आम्ल वर सरकतं, म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. गोळी घेऊन हे कायमचं सुटत नाही.

उपाय जेवणाचे दोन भाग करण्यात आहे. पोटभर जेवण निघण्यापूर्वी, दीडच्या आसपास घ्या. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुट्टीत डबा उघडा: दोन भाकऱ्या, आणि थर्मासच्या डब्यात वाफाळती भरलेली भाजी, उसळ. हेच रात्रीचं खरं जेवण. घरी आल्यावर भूक असेल तर कुळथाच्या पिठीसोबत थोडा मऊ भात घ्या. तीन मोठे चमचे कुळथाचं पीठ म्हणजे साधारण 30 ग्रॅम, आणि त्यात एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात. घरी जेवायला थांबलेल्या माणसांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा आग्रह मोडवत नाही.

रात्रपाळीत पहाटे तीनला जेवण

शरीराचं स्वतःचं एक घड्याळ आहे. मध्यरात्रीनंतर पचन मंदावतं आणि तेवढ्याच भातानं रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते. म्हणून मुख्य जेवण निघण्याआधी, आठ-साडेआठला करा. रात्री एक-दीडला थोडंच: मूठभर शेंगदाणे आणि केळं, किंवा नाचणीची अर्धी भाकरी आणि चटणी. चहा तीनच्या आत संपवा. चहातल्या कॅफीनचा अर्धा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात, आणि पाचला घेतलेला कप नऊच्या झोपेत आडवा येतो.

सकाळी घरी आल्यावर पोट भरूनही झोपू नका आणि उपाशीही झोपू नका. एक-दोन आंबोळ्या किंवा वाटीभर पेज घ्या आणि झोपा. उपाशी झोपलेला माणूस बाराला भुकेनं जागा होतो आणि झोप अर्धवट राहते. उठल्यावर दोन-तीनला नीट जेवा.

डब्यातला भात आणि मासे

इथे सर्वात जास्त नुकसान होतं, आणि ते चवीवरून कळत नाही. पाचला शिजवलेला भात गरम असताना डब्यात दाबून झाकण लावलं की वाफेचं पाणी आत साचतं. दमट हवेत दुपारपर्यंत त्या उबेत जंतू वाढतात. भात शिजवल्यावरही टिकणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही, म्हणून कँटीनमध्ये डबा तापवणं हा उपाय नव्हे. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभराहून अधिक नाही. म्हणून साधा नियम ठेवा: भात घरी, भाकरी डब्यात. भाकरी आणि घावणे परातीत पसरून पूर्ण निववा, मग बांधा. भात न्यायचाच असेल तर उकळतं पाणी घालून आधी तापवलेल्या थर्मासच्या डब्यात, वाफाळता भरा.

ओल्या नारळाचं वाटप डब्यात सर्वात आधी आंबतं. डब्याच्या भाजीला सुकं खोबरं आणि भाजलेला कांदा वापरा. सोलकढी घरी प्या. बाटलीत न्यायचं तर कोकम आगळ पाण्यात घालून, वरून मीठ न घालता, कारण आगळात मीठ आधीच असतं.

माशांचं वेगळं आहे. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. तळून, उकळून ते नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं ही त्याची लक्षणं, आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. संध्याकाळच्या लिलावातून मासे घेतले तर बर्फ तिथेच मागून घ्या आणि घरी पोचताच साफ करून फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यात वीज चार तासांहून जास्त गेली असेल तर फ्रीजमधला मासा टाकून द्या. डब्यासाठी सुक्या जवळ्याची चटणी बरी. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेला बांगडा मात्र टाळावा.

चहा आणि पाणी

दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे 60 ग्रॅम साखर. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, तासाभराचं अंतर ठेवा. हे काजू कारखान्यात आणि पॅकिंगला बसणाऱ्या बायकांसाठी जास्त महत्त्वाचं, कारण रक्त कमी असण्याची तक्रार त्यांच्यात फार. शौचालयाची सोय नाही म्हणून पाणीच न पिणं हीही मोठी चूक. सोय मुकादमाकडे मागा, पाणी तोडू नका.

मधुमेह आणि बदलती पाळी

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर पाळी बदलण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून नव्या वेळा लिहून घ्या. गोळी घेऊन जेवण चुकलं तर साखर धोकादायक उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, गोंधळल्यासारखं झालं, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी साखर तपासा आणि ती 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. बरं वाटल्यावर काहीतरी खा. साखरेची पुडी खिशात ठेवा, डब्यात नको, कारण डबा कपाटात असतो आणि तुम्ही मशीनवर.