‘जायंट स्टेप्स’ गिटारवर बसवण्याआधी

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ ही चाल गिटारवर बसवायची असेल, तर वेगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. 1959 च्या मे महिन्यातल्या मूळ रेकॉर्डिंगची लय मिनिटाला साधारण 290 मात्रांची आहे. दोन मात्रांचा कॉर्ड अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो, आणि 16 बारचं (बार म्हणजे चार मात्रा), 26 कॉर्डचं अख्खं आवर्तन सव्वातेरा सेकंदांत उरकतं. पण माणसं इथे अडकतात ती बहुतेक वेळा बोटांमुळे नाही. पुढची पट्टी कोणती, हे वेळेवर सुचत नाही म्हणून अडकतात. त्यामुळे तयारीचा मोठा भाग डोक्याचा आहे.

पहिलं काम म्हणजे हातातला चार्ट, म्हणजे कॉर्ड लिहिलेला कागद, तपासणं. पहिला कॉर्ड बी मेजर सेव्हन असला पाहिजे. तिथे सी शार्प किंवा डी फ्लॅट मेजर सेव्हन दिसला, तर तो टेनर सॅक्सोफोनसाठी एक पूर्ण स्वर वर लिहिलेला कागद आहे. बॅकिंग ट्रॅकबरोबर तो वाजवलात तर पहिल्या बारपासूनच सगळं बेसूर लागेल.

गिटारची तपासणी पाच मिनिटांची. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळतो का, ते पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवावं लागेल. पिक 1 ते 1.5 मिलिमीटर जाडीचा घ्या. पातळ पिक तारेवर वाकतो आणि स्वर उशिरा फुटतो. रिव्हर्ब जवळपास बंदच ठेवा, नाहीतर दोन मात्रांपूर्वीचा कॉर्ड नव्या कॉर्डवर सांडत राहतो.

आता पात्रतेचा प्रश्न. बी, जी आणि ई फ्लॅट या तीन पट्ट्यांमध्ये टू-फाइव्ह-वन (पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड ओळीने), मात्रेला दोन स्वर, 160 च्या लयीत न थांबता येतं का? बाराही पट्ट्यांची सक्ती इथे नाही, या तीन मात्र झोपेतही आल्या पाहिजेत. जमत नसेल तर आधी रिचर्ड रॉजर्सचं 1937 चं ‘हॅव यू मेट मिस जोन्स’ घ्या. त्याच्या मधल्या आठ बारांत पट्टी अशीच चार-चार फ्रेटनी सरकते, फक्त श्वास घ्यायला जागा जास्त मिळते.

मग नकाशा. बी, जी आणि ई फ्लॅट सप्तकाचे तीन समान भाग करतात. बीला सा धरलं तर ई फ्लॅट हा शुद्ध गंधार आणि जी हा कोमल धैवत. सहाव्या तारेवर जी तिसऱ्या फ्रेटवर, बी सातव्यावर, ई फ्लॅट अकराव्यावर. यातल्या कुठल्याही दोन मेजर स्केलमध्ये तीनच स्वर सामाईक असतात (बी आणि जीमध्ये बी, ई आणि एफ शार्प), आणि तिन्हींत सामाईक असा एकही स्वर नाही. म्हणूनच ब्लूज-रॉकमधली ‘एकच पेंटाटॉनिक (पाच स्वरांचं स्केल) सगळीकडे फिरवा’ ही सवय इथे तिसऱ्या बारपर्यंतही टिकत नाही.

गिटार खाली ठेवून, टाळी देत, पट्ट्यांची नावं मोठ्याने म्हणा. आधी बी, जी, ई फ्लॅट. चौथ्या बारपासून जी, ई फ्लॅट, बी. आठव्या बारपासून ई फ्लॅट, जी, बी, ई फ्लॅट. म्हणजे पहिले सात बार पट्ट्या उतरत्या आणि पुढचा भाग चढता. या दुसऱ्या भागात प्रत्येक पट्टीला पूर्ण दोन बार मिळतात, म्हणून सराव तिथूनच सुरू करा. सगळ्यात जास्त लोक हरवतात ते चौथ्या बारवर: ई फ्लॅटवर जरा विसावल्यावर ए मायनर सेव्हन येतो आणि हात सवयीने बीकडे धावतो.

कॉर्डसाठी तीन तारा पुरतात: मूळ स्वर, तिसरा, सातवा. बी मेजर सेव्हन पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटपासून धरा. तिथून चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे फ्रेट असे जातात: बीला 1-3, डी सेव्हनला 4-5, जीला 4-4, बी फ्लॅट सेव्हनला 6-7, ई फ्लॅटला 5-7. डी सेव्हनवरून जीवर आणि बी फ्लॅट सेव्हनवरून ई फ्लॅटवर जाताना एकच बोट एक फ्रेट खाली येतं. हे ऐकू यायला लागलं की चार्टकडे बघावं लागत नाही.

सोलोसाठी पहिला साचा 1-2-3-5 चा, म्हणजे सा रे ग प. कोल्ट्रेनने स्वतः तो इथे भरपूर वापरला आहे. भूप घोटलेल्या माणसाला हे स्वर नवे नाहीत. दर दोन मात्रांनी सा बदलतो, हे नवं. सगळे साचे सा पासून चढते वाजवलेत तर पाढे म्हटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून एक चढता आणि एक उतरता घ्या. बीवर सहाव्या तारेचा 7, पाचवीचे 4 आणि 6, चौथीचा 4. लगेच डी सेव्हनवर चौथीचे 7 आणि 4, पाचवीचे 7 आणि 5. जीवर चौथीचे 5 आणि 7, तिसरीचे 4 आणि 7. बी फ्लॅट सेव्हनवर दुसरीचा 6, तिसरीचे 7, 5 आणि 3. शेवटी चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, ई फ्लॅटच्या गंधारावर उतरा. तीन पट्ट्या पार झाल्या, आणि डावा हात तिसऱ्या ते सातव्या फ्रेटच्या बाहेर गेला नाही.

मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. 40 वर लावलात की लय 80 ची होते. सलग तीन आवर्तनं स्वच्छ गेली की लय 8 ने वाढवा, त्याआधी नाही. 160 ते 200 च्या दरम्यान उजवा कोपर आखडायला लागतो. कारण बहुधा एकच: पिक तारेत खोल रुततोय. टोक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाऊ देऊ नका. 200 च्या पुढे स्वर निम्मे करा आणि ओळी कॉर्डच्या मधूनच सुरू करा. 290 गाठलंच पाहिजे असंही नाही. जॅझ गिटारवादक पॅट मेथनीने 2000 सालच्या ट्रिओ अल्बममध्ये ही चाल निवांत लयीत घेतली आहे, आणि गिटारवाल्याने आधी तीच ऐकावी. मूळ रेकॉर्डवर टॉमी फ्लॅनागनसारखा मुरलेला पियानोवादकही सोलोत अडखळतो. त्याने 1982 मध्ये ही चाल पुन्हा रेकॉर्ड केली.

जॅमला, म्हणजे इतरांबरोबर आयत्या वेळी वाजवायला, जाण्याआधी लय आणि आवर्तनांची संख्या बासवाल्याशी ठरवून घ्या, आणि शेवट 15 व्या बारमधल्या ई फ्लॅटवर थांबून करायचा हेही. 16 व्या बारमध्ये सी शार्प मायनर आणि एफ शार्प सेव्हन आहेत. हे ठरलं नसेल तर ते पुन्हा बीवर ओढून नेतात, आणि अर्धा बँड थांबलेला असताना अर्धा पुढच्या आवर्तनात शिरलेला असतो.