पार्क होमची ऑर्डर देण्याआधी

भिंती बंद होण्याआधी त्यांच्या आत फळ्या बसवून घ्या. पार्क होम म्हणजे कारखान्यात बांधून पार्कातल्या दुसऱ्याच्या जमिनीवर आणून बसवलेलं घर; इंग्लंडमध्ये ते घेणाऱ्यांसाठीची ही यादी मी मुख्यतः वरच्या एका वाक्यासाठी लिहितेय. बाकीचं तुम्हाला विक्रेता सांगेल, पार्कातले शेजारी सांगतील. हे मात्र कुणी सांगत नाही. आम्हालाही ते वेळेवर सुचलं नाही, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. आता आमच्या ओळखीतलं एक जोडपं लेस्टरचं घर विकून दक्षिणेकडे पार्क होम घ्यायला निघालंय. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

कागदपत्रांचं आधी उरकते. पार्कचा परवाना कायम राहण्याचा आहे की फक्त सुट्टीपुरता, हे तिथल्या कौन्सिलला (नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) स्वतः विचारा. घर 'बीएस ३६३२' या मानकाप्रमाणे बांधलेलं हवं, कारण बारा महिने राहायला लागणारं इन्सुलेशन आणि वायुवीजन त्यात येतं. सुट्टीच्या कॅरॅव्हॅनला, म्हणजे सुट्टीपुरतं राहायच्या चाकांवरच्या घराला, वेगळं मानक आहे आणि तिच्यात जानेवारी काढायची म्हणजे हाल. १९८३च्या मोबाइल होम्स ॲक्टनुसार कराराच्या सगळ्या अटी लेखी स्वरूपात करार होण्याच्या किमान २८ दिवस आधी हातात पडायला हव्यात. घाई करून हे दिवस सोडून देऊ नका, आराखड्यावर विचार करायलाही हाच वेळ मिळतो. जमीन आपली नसते, घर उभं असतं त्या जागेची, म्हणजे पिचची, फी भरावी लागते, आणि नेहमीचं गृहकर्ज या घरांना मिळत नाही. एवढं तर तुम्हाला माहीत असेलच.

पण पैशाची एक गोष्ट थेट आतल्या सजावटीशी जोडलेली आहे. घर पुढे विकाल तेव्हा किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत कमिशन पार्कच्या मालकाला जातं. दीड लाख पौंडांना विकलंत तर पंधरा हजार पौंड गेले. त्यामुळे चकचकीत पॅनेलिंग, महागडा ओटा, छतातले दिवे यांवर घातलेला पैसा विकताना परत येईल असं धरून चालू नका. बजेट तुटपुंजं असेल तर पैसा अशा गोष्टींवर घाला ज्या नंतर करता येत नाहीत. फळ्या त्यात पहिल्या. चांगल्या खिडक्या दुसऱ्या. रंग, पडदे, दिवे सावकाश होतात.

आता मापं. कायद्याच्या नजरेत हे घर कॅरॅव्हॅनच आहे: इंग्लंडमध्ये लांबी २० मीटर, रुंदी ६.८ मीटर आणि आतली उंची ३.०५ मीटर, याच्या पुढे जाता येत नाही. रुंद घर दोन भागांत बनतं, ट्रकवरून येतं आणि जागेवर बोल्टनं जोडलं जातं. त्या सांध्याची रेघ घराच्या मधोमध लांबीनं जाते. आराखडा हातात आला की सगळ्यात आधी पेन्सिलनं ही रेघ मारा. तिच्यावरची भिंत काढून हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं मनात असेल तर ते कारखान्याला पहिल्याच बैठकीत सांगायचं, कारण वरच्या तुळईचा भार कुठेतरी उतरावा लागतो. नंतर हातोडी घेऊन करण्यासारखं ते काम नाही. त्या रेघेवरून सलग टाइल्सही नेऊ नका. घर जागेवर बसताना थोडं हलतं आणि टाइल तडकते.

४० बाय २० फुटांचं घर म्हणजे बाहेरून ८०० चौरस फूट. मुंबईत दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला हा आकडा फार मोठा वाटतो. फसू नका. भिंतींची जाडी वजा करा, मग मधला बोळ वजा करा. ३ फूट रुंद आणि १५ फूट लांब बोळ म्हणजे ४५ चौरस फूट नुसतं चालण्यात गेले. बोळ जितका आखूड तितकं चांगलं. दुसरं न्हाणीघर विक्रेता हौसेनं दाखवतो. दोनच माणसं राहणार असाल तर ते सोडा आणि त्या जागी कोठीची खोली मागा. आपल्याकडे धान्य, डबे, मोठे कुकर, पाहुण्यांच्या गाद्या असतात आणि इथे माळा नसतो.

चौकटीच्या कागदावर घर काढा आणि तुमच्या खऱ्या सोफ्याचं, खऱ्या पलंगाचं माप कापून त्यावर ठेवा. शोरूमच्या घरातलं फर्निचर पाहून अंदाज बांधू नका. कपाटं, पलंग, सोफा बऱ्याचदा घराच्या किमतीत धरलेला असतो, तेव्हा नको असेल ते आधीच नको म्हणा आणि किंमत कमी करून मागा. मोठी वस्तू दारातून वळते का, हेही बघून ठेवा.

आता फळ्या.

या घराची भिंत विटांची नसते. पोलादी चासीवर लाकडी सांगाडा, त्यात साधारण ४०० किंवा ६०० मिलिमीटरवर उभे दांडे, मधल्या पोकळीत इन्सुलेशन आणि आतून प्लास्टरबोर्ड. तो बोर्ड जेमतेम सेंटिमीटरभर जाड. फोटोची फ्रेम तो आरामात धरतो. पण जिथे माणूस भार टाकणार, जिथे वजन रोज ओढणार, तिथे बोर्डाच्या मागे लाकूड हवं, आणि ते बोर्ड लागण्याआधीच घालावं लागतं. आम्ही न्हाणीघरातला आधाराचा दांडा राहायला आल्यानंतर बसवला. पोकळ भिंतीसाठीचे खास प्लग वापरले होते, बसवणारा माणूसही कामाचा होता. यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे कमोडवरून उठायला गेले, दांड्यावर भार टाकला, आणि दांडा बोर्डाच्या तुकड्यासकट हातात आला. फार लागलं नाही, ते नशीब. मग पॅनेल काढा, बोर्ड कापा, फळी घाला, पुन्हा बोर्ड, पुन्हा पॅनेल, पुन्हा सीलंट. कारखान्यात हेच काम उरलेल्या प्लायच्या तुकड्यानं एका चहाच्या वेळात झालं असतं.

म्हणून ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या: १८ मिलिमीटर प्लाय, सांगाड्याच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधोमध, दोन्हीकडे स्क्रूनं पकडलेला. कारखान्यात 'पॅट्रेस' किंवा 'नॉगिन' म्हणालात की कळतं. 'इथे थोडं मजबूत करा' असं तोंडी सांगू नका, जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये लिहा. न्हाणीघरात एखाद्या बिंदूवर खूण करण्यापेक्षा गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा अख्खा पट्टा मागा, कारण दांडा नेमका कुठे लागेल हे आज कळत नाही. उजवा गुडघा दुखेल की डावा, कुणाला माहीत. कमोडच्या शेजारची भिंत, शॉवरच्या दोन भिंती, पलंगाच्या दोन्ही बाजू, पुढच्या दाराच्या आत जिथे बूट काढताना हात टेकतो ती जागा, बोळाची एक पूर्ण बाजू. टीव्हीची भिंत. पडद्याच्या दांड्यांसाठी प्रत्येक खिडकीच्या वर. भिंतीवरचा देव्हारा असेल तर तिथे. आणि स्वयंपाकघरातली वरची कपाटं, त्यांचं पुढे बोलते.

बोर्ड लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मागा, मापाची टेप भिंतीला लावून काढलेला. कारखाना येऊ देत असेल तर स्वतः जा. फोटो मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. तुम्ही आज साठीचे आहात आणि धडधाकट आहात, म्हणून हे पुढे ढकलाल. ढकलू नका. बऱ्याच पार्कांत पन्नाशीच्या पुढच्यांनाच घर देतात. सगळे इथे म्हातारपण काढायला येतात, आणि घरं मात्र चाळिशीतल्या माणसासाठी बांधलेली असतात.

न्हाणीघरात टब नको, सपाट तळाचा शॉवर घ्या. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या. आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडतं. सरकतं दार भिंतीच्या पोकळीत जाणार असेल तर त्या भिंतीत फळी बसत नाही, तेव्हा दांडा दुसऱ्या भिंतीवर घ्या. दारं मोकळी ८० सेंटिमीटर मिळतील असं बघा, सगळी, फक्त पुढचं नाही.

स्वयंपाकघर. इथे आपली गरज इंग्रजी शोरूमपेक्षा वेगळी आहे आणि ते सांगायला संकोचू नका. ओट्यावरची चिमणी बाहेर हवा टाकणारी हवी, नळी भिंतीतून आरपार गेलेली. स्वस्तातली चिमणी हवा कोळशाच्या फिल्टरमधून घेऊन परत खोलीतच सोडते. तिनं फोडणीचा वास थोडा कमी होतो, पण कुकरची वाफ घरातच राहते. लाकडी सांगाड्याच्या, घट्ट बंद घरात ती वाफ थंड कोपरा शोधते आणि कपाटामागे बुरशी धरते. नळीचं भोक कारखान्यातच पडलं पाहिजे. शिजवायला गॅस घेणार असाल तर बाहेर ४७ किलोचे प्रोपेनचे सिलिंडर उभे राहतील, त्यांची जागा आणि ते बदलणारा माणूस ठरवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. जमिनीलगत हवेची जाळी असेल तर तिच्यावर गालिचा किंवा कपाट येणार नाही असाच आराखडा करा. इंडक्शन घेणार असाल तर त्या पिचला किती अँपिअरचा पुरवठा आहे ते आधी विचारा. इंडक्शन, ओव्हन आणि विजेचा शॉवर एकदम चालू झाले की सगळा खेळ त्या आकड्यावर असतो.

वरच्या कपाटांत इथले लोक कप आणि कॉर्नफ्लेक्स ठेवतात. आपण डाळी, तांदूळ, गूळ, तेलाचे कॅन, स्टीलचे डबे ठेवतो. एका फळीवर वीस किलो सहज होतात. म्हणून या भिंतीच्या मागे प्लायची सलग पट्टी, कपाटाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना. परत सांगते, दोन्ही कडांना. जड सामान खाली, पूर्ण बाहेर येणाऱ्या ड्रॉवरमध्ये. साठीनंतर खालच्या कपाटात डोकं घालून मागचा डबा काढायचा नसतो. ओट्याची उंची जो स्वयंपाक करतो त्याच्या कोपरापासून मोजून सांगा.

झोपायच्या खोलीत पलंगाच्या एका बाजूला तरी माणूस आणि वॉकर दोन्ही उभे राहतील एवढी जागा. मोठी कपाटं बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला, नाहीतर मागे ओल धरते. बाहेरचीच भिंत असेल तर मागे चार बोटं फट. प्लग पॉइंट पलंगाच्या उंचीला. देव्हाऱ्यापाशी निरांजन लावत असाल तर वर पडदा नको, आणि धुराचा अलार्म उदबत्तीच्या थेट वर येणार नाही असं इलेक्ट्रिशियनला सांगा. अलार्म काढून ठेवायचा विचारही करू नका, घर लाकडाचं आहे.

जागेवर: दोन घरांत ६ मीटर अंतर लागतं, त्यामुळे पुढे मोठा पोर्च वाढवू असं मनात धरून आतली जागा कमी करू नका. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली बैठकीची खिडकी येते का, ते पिचवर उभं राहून बघा. आराखडा उलटा करून मागता येतो, फक्त आधी. घराखालची पोकळी झाकणाऱ्या विटांच्या भिंतीतल्या (स्कर्टिंगमधल्या) हवेच्या जाळ्या कुंड्यांनी झाकू नका. पायऱ्यांना दोन्हीकडे कठडा.

घर येईल त्या दिवशी: सगळी दारं उघडून बंद करा, सगळे नळ सोडा, चिमणीचं बाहेरचं तोंड हातानं तपासा, सांध्याची पट्टी पाहा. फळ्यांचे फोटो छापून बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वर्षभरानं घराची पातळी तपासून घ्या, दारं घासायला लागली तर त्याआधीच. पहिला दांडा पाहुणे येण्याआधी लावा, न्हाणीघरात, प्लायमध्ये.