कॉलीवॉबल्स: इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं

माझ्याकडे साताऱ्यात इंग्रजी शिकायला येणारी बहुतेक पोरं बँकेच्या नाहीतर एमपीएससीच्या तयारीतली. मोबाइलवर एका ओळीत अर्थ मिळाला की लगेच पुढचा शब्द. म्हणून मी त्यांना मुद्दाम 'कॉलीवॉबल्स' देते. उच्चार ऐकूनच वर्ग हसतो, पण शोध घ्यायची सगळी रीत या एका शब्दात शिकता येते.

आधी वापर बघा, मूळ नंतर. कोशात दोन अर्थ सापडतील: पोटात येणारा मुरडा, आणि परीक्षेला किंवा मुलाखतीला जाताना होणारी घालमेल. एवढ्यावर कोश मिटू नका. खालची उदाहरणं वाचली की कळतं, शब्द अनेकवचनीच वापरतात, आधी 'द' लागतो आणि 'गेट', 'हॅव', 'गिव्ह' ही क्रियापदं सोबत येतात. शब्द घरगुती आहे, जरा खट्याळही. आजी नातवाला म्हणेल, रजेच्या अर्जात चालायचा नाही. मराठीत 'पोटात गोळा आला' फक्कड बसतं. 'चिंताग्रस्तता' लिहिणाऱ्याचे मी मार्क कापते.

आता मूळ. ते नोंदीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. इथे साल मिळतं 1823, आणि फोड मिळते 'कॉलिक' अधिक 'वॉबल'. कॉलिक म्हणजे पोटातली कळ. तो शब्द ग्रीक 'कोलोन'वरून आला, म्हणजे मोठं आतडं. कोलोनोस्कोपीतला कोलोन तो हाच. वॉबल म्हणजे डुगडुगणं. कुणीतरी गमतीत दोन्ही जोडले. काही जण यात 'कॉलरा मॉर्बस' या जुन्या रोगनामाचीही छाया बघतात, पण कोशात तिथे 'कदाचित' असतं. पोरं नेमका तो 'कदाचित' गाळून वहीत उतरवतात! तो गाळायचा नाही, हवा तर लाल शाईने लिहा.

कॉली जातीच्या कुत्र्याशी या शब्दाचं नातं जोडणारा एखादा दरवर्षी भेटतोच. शब्द सारखे दिसतात म्हणून गोष्ट रचणं सोपं असतं. अशा वेळी एकच विचारायचं: त्या अर्थाने वापरलेलं जुनं वाक्य कुठे आहे, आणि ते कोणत्या सालचं? वाक्य नसेल तर गोष्ट बाजूला ठेवा, कितीही गोड असली तरी.

साल बघायची सवय लागली की 'नर्व्हस'ची गंमत कळते. लॅटिन 'नेर्वुस' म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा तंतू, धनुष्याची दोरीसुद्धा. संस्कृतातला 'स्नावन्' याच घराण्यातला. त्यामुळे इंग्रजीत 'नर्व्हस' माणूस एके काळी पिळदार अंगाचा असायचा. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात पहिला अर्थ बळकट, जोमदार असाच आहे. दुबळ्या नसांचा हा अर्थ त्याने शेवटी दिलाय, तोही वैद्यांची बोली म्हणून नाक मुरडत. त्या काळातल्या लेखात कुणाच्या 'नर्व्हस' शैलीचं कौतुक दिसलं तर लेखक घाबरट होता असं समजू नका. शैली जोरकस होती, एवढाच त्याचा अर्थ.

साधनांसाठी खिशाला खार लावायची गरज नाही. डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश फुकट आहे, सुरुवात तिथून करा. मराठी प्रतिशब्द चाचपायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. मराठी शब्दांच्या मुळासाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश बघा. आपल्याच जिल्ह्यात वाईला विश्वकोशाचं काम चालतं म्हणून पोरं शब्दाची कुळी तिथे शोधू पाहतात, पण विश्वकोशातल्या नोंदी विषयांच्या असतात.

सरावाला 'हीबी-जीबीज' घ्या, अंगावर काटा आणणारी अस्वस्थता. इथे कर्ताच सापडतो: अमेरिकन व्यंगचित्रकार बिली डीबेक, साल 1923. मग 'जिटर्स'कडे वळा. तिथे चांगले कोश 'मूळ अनिश्चित' म्हणून थांबतात. तुम्हीही वहीत तेवढंच लिहा, मी पूर्ण मार्क देईन.