फास्टिंग छान, तरी इन्सुलिनचं गणित चुकलेलं: या चुका टाळा

आईच्या शुगरच्या वहीतले आकडे बघून आम्ही सगळे निश्चिंत होतो. सकाळी उपाशीपोटी १०४, १११, ९८. शेजारच्याच रकान्यात झोपतानाचे २३८, २४५ होते, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. एका रात्री पोट बरं नव्हतं म्हणून ती नुसतं ताक पिऊन झोपली. जेवणाचं इन्सुलिन घेतलं नाही, रात्रीचं, लांब चालणारं मात्र नेहमीइतकंच घेतलं. पहाटे ३ ला घामाने चिंब, जीभ जड झालेली, मीटरवर शुगर फक्त ५४.

चूक त्या एका रात्रीची नव्हती. ग्लार्जिन, डेग्लुडेक ही लांब चालणारी इन्सुलिनं असतात ती पोट रिकामं असताना यकृत रक्तात जी साखर सोडत राहतं, तिच्यासाठी. जेवणातून येणारी साखर जेवणाच्या इन्सुलिनने सांभाळायची. आमच्याकडे फास्टिंग वाढली की रात्रीचे दोन युनिट वाढायचे. होता होता रात्रीचं जेवण जिरवायचं कामही त्याच डोसवर येऊन पडलं. मग ज्या रात्री जेवणच नव्हतं, त्या रात्री तो जास्तीचा डोस तिला खाली घेऊन गेला.

म्हणून झोपताना आणि सकाळी, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मध्ये काही न खाता ५० पेक्षा जास्त घसरण रोजच होत असेल, किंवा रात्रीचा डोस वजनाच्या किलोमागे अर्ध्या युनिटच्या वर गेला असेल, म्हणजे ६० किलोला ३० युनिट, तर डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा. उशिरा जेवून लगेच शुगर तपासली तर ही तुलना फसते, कारण तेव्हा जेवण आणि त्याचं इन्सुलिन दोन्ही अजून चालू असतात. सकाळची शुगर चढलेली दिसली तरी दोन-तीन रात्री पहाटे ३ ला तपासल्याशिवाय डोस वाढवायला जाऊ नका. ३ ला ती कमी निघाली, तर वाढवलेला डोस घातक ठरेल.

जेवणाच्या इन्सुलिनचं बहुतेकदा वेळेतच बिनसतं. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. ताट वाढल्यावर घेतलं तर भात पुढे आणि इन्सुलिन मागे राहतं. ॲस्पार्ट, लिस्प्रो या झटपट चालणाऱ्या इन्सुलिनांना बहुधा १५ मिनिटं पुरतात. दोन तासांनी २६० दिसली म्हणून घाबरून पुन्हा टोचणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आधीच्या डोसचा बराच भाग तेव्हा शिल्लक असतो, रेग्युलरचा तर सहा-आठ तासही. दोन्ही एकदम उतरतात.

उपवासाला ‘आज जेवण नाही’ म्हणून सगळंच बंद करू नका. साबुदाण्याची खिचडी, रताळी ही पिष्टमयच. ताप-उलट्यांतही लांब चालणारं इन्सुलिन मनाने थांबवू नका. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तेव्हा, त्यातून कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊन जिवावर बेतू शकतं. डोस किती ते फोन करून विचारा.

पोटावर रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि आपण डोस वाढवत बसतो. जागा बदलाच, पण त्याआधी डॉक्टरांना सांगा. चांगल्या कातडीत तोच डोस जास्त लागू पडतो.

आणखी एक, कुपीवाल्यांसाठी. ४० च्या (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) कुपीला लाल टोपणाचीच सिरिंज. १०० ची, नारिंगी टोपणाची वापरली तर १० च्या रेघेपर्यंत भरूनही जातात फक्त ४ युनिट. पेन वापरणाऱ्यांनी दोन्ही पेनांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, कारण दोन्ही इन्सुलिनं पाण्यासारखीच दिसतात. रात्रीचे २४ युनिट चुकून जेवणाच्या पेनातून गेले, तर झोपू नका. लगेच साखर खायला घ्या, १५ मिनिटांनी तपासा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावा. फोन लागला नाही तर थेट दवाखाना गाठा.