पाणकणीस: कणीस हिरवे आहे तोवर पाण्याखाली कापा

पोळा झाला की शेततळी आणि कॅनॉलच्या चाऱ्या भरलेल्या असतात. काठच्या पाणकणसाला कणसे येऊ लागतात तीही साधारण याच सुमारास. काढायचे तर आत्ताच, पण आधी ओळख पटवा. नळ, लव्हाळा आणि पाणकणीस दुरून सारखेच दिसतात, इलाज मात्र वेगवेगळे.

नळ गवताच्या कुळातला. त्याचे खोड पोकळ, पेरांचे असते, पाने खोडावर ठिकठिकाणी फुटतात आणि शेंड्याला झुपकेदार तुरा येतो. लव्हाळा मोथ्याच्या कुळातला, दांडा तिधारी आणि बिनपेरांचा. पाणकणसाचे कुळ टायफेसी. पट्टीसारखी लांब पाने बुंध्यापासूनच दोन ओळींत निघतात, झाड दोन-तीन मीटर उंच होते. कणसाचा वरचा भाग नर, खालचा जाड भाग मादी. आपल्याकडच्या नेहमीच्या जातीत या दोहोंमध्ये दांडा थोडा उघडा दिसतो. ही जात टायफा डोमिंजेन्सिस. जुन्या पुस्तकांत टायफा अँगस्टाटा या नावाने सापडेल.

पान बुंध्याशी आडवे कापून बघा. आत हवेचे कप्पेच कप्पे दिसतील. चिखलातल्या आडव्या खोडाला प्राणवायू पोचतो तो या नळ्यांतून, आणि तिथेच त्याला गाठायचे. विळ्याने पाण्याच्या पातळीखाली 10 ते 15 सेंटीमीटरवर कापा. वाळके खुंटही सोडू नका, मेलेल्या दांड्यातूनही हवा खाली जाते. कणीस हिरवे असताना आडव्या खोडातला अन्नसाठा बराच खर्च झालेला असतो, त्यामुळे पुन्हा फुटायला जोर कमी पडतो. कापल्यावर निदान तीन-चार आठवडे खुंट बुडालेले राहायला हवेत. बहुतेकांचे इथेच बिनसते: कापणी होते, लगेच मोटर चालू होते, पातळी उतरून खुंट उघडे पडतात आणि महिन्याभरात तळे पुन्हा हिरवे. नवे फुटवे दिसले की दुसरी कापणी करा.

कणीस तपकिरी झाले असेल तर झटका देऊ नका. एकेका कणसात लाखावर बिया असतात. आधी पोते चढवा, मग दांडा कापा आणि कणसे पोत्यासकट जाळा.

तळे उन्हाळ्यात आटत असेल तर आडवी खोडे खणून काढून उन्हात कडकडीत वाळवा. ओल्या बांधावर टाकलेला तुकडाही रुजतो. प्लास्टिकच्या तळ्यात कुदळ-फावडे नको. साचलेल्या गाळातून हाताने उपटा. मासे असलेल्या किंवा जनावरे पाणी पितात त्या तळ्यात तणनाशक मारू नका.

सांडपाण्याच्या नाल्यातले पाणकणीस मात्र राहू द्या, ते पाण्यातले नत्र-स्फुरद ओढून घेते. फक्त तिथली कणसेही हिरवी असतानाच छाटा, नाहीतर म्हाताऱ्या (कापसासारख्या तंतूंच्या बिया) उडून साफ केलेल्या तळ्यातच उतरतील.