कूटबद्ध जेसन बॅकअप: जतन करणे आणि पुन्हा उघडणे
पासवर्ड आणि १६ बाइटांचा यादृच्छिक सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचा डेटा) यांपासून आर्गॉन२ या पासवर्डवरून किल्ली बनवणाऱ्या पद्धतीने २५६ बिटांची किल्ली तयार करावी आणि जेसनचे (डेटा मजकूररूपात मांडण्याचे स्वरूप) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातले बाइट एईएस-जीसीएमने कूटबद्ध करावेत; ही पद्धत डेटा लपवते आणि तो बदललेला नाही हे तपासण्यासाठी एक टॅगही जोडते. दर वेळी जतन करताना १२ बाइटांचा नॉन्स (एकदाच वापरायचे मूल्य) नवा घ्यावा. त्याच किल्लीसोबत तो पुन्हा वापरला गेला, तर गुप्तताही जाते आणि खरेपणाची खात्रीही. सॉल्ट व नॉन्स फाइलच्या सुरुवातीला उघडे ठेवले तरी चालतात. जुन्या फाइलवर थेट लिहू नये. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलून ती जुन्या फाइलच्या जागी आणावी. उघडताना टॅग जुळला नाही, तर पासवर्ड चुकला की फाइल बिघडली हे कळत नाही, पण अशा वेळी रिकामे जेसन गृहीत धरून पुढे जाणारा प्रोग्राम पुढच्याच बॅकअपला चांगली प्रत पुसून टाकू शकतो, म्हणून तिथेच थांबून चूक दाखवावी.